दोन पातेल्यांचा भात

७ नोव्हेंबर

आजपासून लिहायचं ठरवलं. म्हणजे ठरवलं मी नाही, आमच्या सुरतच्या मिलमधल्या तपासणी कॅम्पात डायटवाल्या मॅडम बसल्या होत्या त्यांनी सांगितलं. रोज काय खाल्लं, किती खाल्लं ते लिहा. लॅबमध्ये मी दिवसभर रंगांचे आकडेच लिहितो, शेड जुळवतो, तेव्हा लिहिण्याचा कंटाळा नाही.

आधी रिपोर्ट लिहून ठेवतो. वजन ८४. पोटाचा घेर १०४ सेंटिमीटर. ट्रायग्लिसराइड ४१८, ते दीडशेच्या आत पाहिजे. चांगलं कोलेस्टेरॉल ३१, ते जास्त पाहिजे. साखर काठावर. डॉक्टरांनी विचारलं, भात किती खाता? मी म्हटलं, दोन वेळा. दुपारी डब्यात डाळभात, संध्याकाळी खिचडी. खानदेशी माणसाला संध्याकाळी खिचडी नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. तांदूळ कोणता? कोलम. पॉलिश केलेला, पांढराशुभ्र? हो, तोच.

"पंडितभाई, हा सगळा भात पोटावर आणि रक्तात जाऊन बसलाय," असं म्हणाले.

मी हसलो नाही. धर्मेंद्र जाऊन दीड महिना झाला. माझा धाकटा भाऊ, चव्वेचाळीस वर्षांचा. जेट खात्यात, म्हणजे कापड रंगवतात तिथे, मशीनजवळ चहाचा कप हातात घेऊन बसला होता, बसल्या जागीच गेला. कपातला चहा सांडलासुद्धा नव्हता म्हणतात. तेव्हापासून मी जेट खात्याच्या बाजूने जात नाही. बॉयलरच्या मागून वळसा घालून लॅबमध्ये जातो.

आज खाल्लं: दोन भाकरी, वांग्याची भाजी, भात एक मोठं ताट (मॅडमला एक वाटी सांगितली).

९ नोव्हेंबर

आज कॅम्प घरच्यांसाठी होता. शोभाला सांगितलं होतं चल म्हणून. पण मनीषा आणि जावई बारडोलीहून येणार होते, मांडे करायचे होते, ती म्हणाली मी काय करू येऊन. तेही खरंच. आमच्या घरात आजारी पडायचा मान माझ्याकडे आहे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ही बाई एक दिवस अंथरुणावर पडली नाही, बाळंतपण सोडून.

मनीषाने माझा रिपोर्ट पाहिला आणि मोबाईलवर वाचून दाखवलं. पांढऱ्या तांदळाचा वरचा कोंडा काढून टाकतात, त्यातच सगळं असतं. लाल तांदूळ, हातसडीचा तांदूळ, उकडा तांदूळ हे हळू पचतात, साखर एकदम चढत नाही. शोभा मांडे भाजता भाजता ऐकत होती. "मंग लाल आना," एवढंच म्हणाली. घरी आम्ही अहिराणीच बोलतो.

१५ नोव्हेंबर

लिंबायतच्या सगळ्या दुकानांत कोलम, परिमल, जीरासार. लाल तांदूळ म्हटलं की दुकानदार वर बघतात. शेवटी आमच्या खात्यातला मगन कामी आला. तो डांगचा, आहव्याकडचा. म्हणाला, आमच्या घरचा लाल तांदूळ आहे, हाताने लावलेला, पण थोडाच असतो, घरी खायला. महिन्याला चार किलो आणीन, जास्त नाही जमणार.

चार किलो म्हणजे एका माणसापुरता झाला. शोभा म्हणाली, "लाल भात तुम्हनाच शे. माले तो गोड लागत नही." आणि घरात दिवाळीला भरलेली कोलमची गोणी आहे, तीस किलोची, अजून अर्धीसुद्धा संपलेली नाही. "इतला तांदूळ पडेल शे, त्याले काय फेकी देवाना?"

बरोबर आहे. आजपासून घरात दोन पातेली.

२४ नोव्हेंबर

लाल भात चावावा लागतो. पहिले चार दिवस जबडा दुखला. आता गोडी लागली. मेथीची डाळ आणि लाल भात, काय चव लागते! तूप बंद केलं. माझ्या वाटणीचं तूप, तळलेले पापड, वड्या, सगळं शोभा तिच्या ताटात घेते. अन्न टाकायचं नाही हा तिचा नियम आहे.

आज दुपारी लॅबमध्ये छातीत बारीक कळ आल्यासारखं वाटलं. नाडी मोजली, ८८. पुन्हा मोजली, ९२. मोजल्यामुळे वाढते का?

आज खाल्लं: लाल भात तीन वाट्या, डाळ, कोशिंबीर.

३ डिसेंबर

रोज वजन करतो. ८४.२. वाढलंय. कळत नाही. एवढं सगळं सोडलं.

शोभाची दाढ दुखते म्हणे. डाव्या बाजूला खालची. लवंग धरून बसली होती. मी म्हटलं दातांच्या डॉक्टरकडे जा. ती तारासोबत जाऊन आली. तारा म्हणजे आमच्याच मजल्यावरची शेजारीण, शोभाची जिवाची मैत्रीण. डॉक्टरने पाहिलं, दाढ चांगली आहे म्हणाला, कीड नाही काही नाही. उगीच गेली असं झालं.

२० डिसेंबर

आज दुसरा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड ४३६.

वाढले! मी मिलच्या डॉक्टरांसमोर वही उघडून ठेवली. तूप नाही, तेल नाही, साखर नाही, तांदूळ लाल. त्यांनी पानं उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"रोज तीन वाट्या? दोन्ही वेळा?"

"लाल आहे साहेब."

"लाल असला तरी भातच आहे ना. कोंड्याचा फायदा होतो, साखर सावकाश चढते, पण गरजेपेक्षा जास्त खाल्लं की उरलेल्याची चरबीच होते. तुम्ही तांदळाची जात बदलली, वाटी नाही बदलली."

मग म्हणाले, तांदूळ बदलल्याने थोडा फरक पडतो. जास्त फरक पडतो तो कमी खाल्ल्याने आणि चालल्याने.

परत येताना बसमध्ये मला रडू येईल असं वाटलं. मी लाल भात औषधासारखा खात होतो. जितका जास्त खाईन तितका वाचेन असं मनात धरून बसलो होतो. धर्मेंद्रला तर हे सांगायलाही कोणी नव्हतं. आई गेली, बाबा गेले, तो गेला, आता रांगेत मी. असं वाटतं की कोणीतरी माझं नाव घेऊन ठेवलंय आणि मी फक्त तांदूळ बदलतोय.

शोभाला सगळं सांगितलं. ती पाठ भिंतीला टेकून ऐकत होती, मग म्हणाली एक वाटी मोजून वाढत जाईन. मी चिडलो, तुला काय, तू पाहिजे ते खातेस. तिने मोजायची वाटी काढून वेगळी ठेवली.

१ जानेवारी

एक वाटी. मोजून. शोभा वाटी पातेल्यात बुडवून काठावर बोट फिरवते, वरचं काढून टाकते. सकाळी खाडीच्या रस्त्याने चार किलोमीटर चालतो. तिला म्हटलं तूही चल. दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर थांबली, कठड्याला धरून उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." तिच्यासाठी थांबलो की माझी लय तुटते, घड्याळात मिनिटं वाढतात. आता मी एकटाच जातो.

वजन ८२.८.

१४ जानेवारी

संक्रांत. पतंग उडवायला सगळं सुरत गच्चीवर. मीही गेलो, उंधियू बघितला आणि खाली आलो. मनाने एवढं घट्ट राहायला शिकलो. शोभाने मात्र तीळगुळाचे लाडू, उंधियू, पुरी सगळं चाखलं, आणि मग उलटीसारखं होतंय म्हणून झोपून राहिली. मी म्हटलं, तोंडावर ताबा पाहिजे. तिला घाम आला होता. थंडीत घाम. गॅसची पुडी दिली.

तिला आता फार तहान लागते. दिवसातून तीन-तीनदा माठ भरते आणि तक्रार करते की पाणी पुरत नाही. महापालिकेचं पाणी खारट झालंय का, बघायला हवं.

२२ जानेवारी

आज फार भीतीचा दिवस गेला. दुपारी घरीच होतो, सुट्टी होती. जेवलो आणि डाव्या छातीत टोचायला लागलं. हाताला मुंग्या आल्यासारखं झालं. शोभाला हाक मारली. ती हातातलं पीठ तसंच ठेवून आली, चप्पलसुद्धा उलटसुलट घातली, खाली धावत जाऊन रिक्षा आणली. गोल रस्त्यावरच्या देसाई डॉक्टरांकडे. आमचे जुने फॅमिली डॉक्टर, गुजराती, पण आमच्याशी मोडकी मराठी बोलतात.

छातीची पट्टी काढली, ईसीजीची. चांगली आली. बीपी चांगलं. डॉक्टर म्हणाले, "पंडितभाई, तुमचं हार्ट एकदम सरस छे. भीतीने दुखतंय. भाऊ गेला ना, म्हणून."

मला इतकं हलकं वाटलं. बाहेर आलो तर शोभा बाकावर बसलेली, जबडा हातात धरून, डोळे मिटलेले. तोंड पांढरं पडलेलं, केस कपाळाला चिकटलेले. डॉक्टर माझ्या मागून दारापर्यंत आले होते. त्यांनी तिच्याकडे पाहून विचारलं, "बहेनला काय होते?"

मी म्हटलं, "दाढ दुखते तिची. आणि धावपळ झाली."

"दाढ?" डॉक्टर तिच्याजवळ गेले. "बहेन, आत या जरा, बीपी बघतो."

शोभा उठली. "काही नही व्हयनं माले," म्हणाली. "यासनं बरं शे ना? मंग झालं." बाकांवर पंधरा-वीस पेशंट बसले होते, पुढचा उठून उभाही राहिला होता. मीच म्हटलं, नंतर आणतो तिला, डॉक्टर.

घरी येऊन तिने भाकरी केल्या. लाल भात एक वाटी. झोप चांगली लागली.

२ फेब्रुवारी

वजन ८०. घेर ९८. ट्रायग्लिसराइड २१०!

दोनशे दहा! मिलच्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. मगनला पेढा द्यावासा वाटला, मग वाटलं पेढा नको, द्राक्षं दिली. कितीतरी महिन्यांनी आज जेट खात्यातून चालत गेलो. धर्मेंद्र बसायचा त्या जागेवर आता दुसरा माणूस बसतो. थांबलो नाही, पण गेलो.

शोभाला सांगितलं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. मग बराच वेळ तिथेच बसून राहिली, गुडघ्यांवर हात ठेवून. मला वाटलं प्रार्थना करतेय.

कोलमची गोणीही संपत आली. एकट्या बाईने संपवली.

१२ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसून लिहितो आहे. दुसरं काही करता येत नाही म्हणून. आत सोडत नाहीत.

काल सकाळी शोभा म्हणाली पाठ दुखते, दोन खांद्यांच्या मधे, दगड ठेवल्यासारखं. उलटी झाली. मी गॅसची पुडी पाण्यात घालून दिली, पडून राहा म्हटलं आणि बूट घालून चालायला गेलो. चालायला गेलो. हे मी लिहून ठेवतो, कारण मनीषाने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, दूध आणायला गेलो होतो म्हणून सांगितलं.

परत आलो तर दार उघडं आणि घरात कोणी नाही. खालच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, ताराबेन रिक्षात घालून घेऊन गेली.

डॉक्टर तरुण आहेत, मराठीच आहेत, नंदुरबारकडचे. म्हणाले, मोठा अटॅक आहे. आणि हा पहिला नाही. याआधी एक येऊन गेलाय, महिनाभरापूर्वी असेल, कळला नसेल. मग कागद घेऊन विचारायला लागले.

"डायबेटिस कधीपासून आहे?"

"तिला नाही."

"साखर तीनशे शहाऐंशी आहे, काका. ही आजची नाही. आधीचे रिपोर्ट?"

माझ्याकडे पिशवीत फाईल होती. सवयीने उचलून आणली होती. ती माझी फाईल. चार महिन्यांचे माझे रिपोर्ट, तारखेवार.

"काही दुखत होतं का आधी? दम, घाम? जबडा, पाठ?"

तारा माझ्या बाजूला उभी होती. मी काही बोलायच्या आत तीच बोलायला लागली. दाढेचं, पुलाचं, तहानेचं, संक्रांतीच्या उलटीचं. एकेक गोष्ट मला माहीत होती. मीच या वहीत लिहिलेली होती.

"खाण्यात काय असायचं?"

मी माझं सांगू शकलो असतो, ग्रॅममध्ये. तिचं मला सांगता आलं नाही. तारानेच सांगितलं. उरलेला पांढरा भात, माझ्या वाटचं तूप, माझ्या वाटचे पापड.

१३ फेब्रुवारी

मनीषा परवा रात्रीच बारडोलीहून आलीय. माझ्याशी बोलत नव्हती. दुपारी कँटीनमध्ये चहा समोर ठेवून एकदम म्हणाली, "पप्पा, घरात दोन पातेली शिजत होती. दोन. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, दुसऱ्या पातेल्यातलं कोण खातंय?"

मी म्हटलं, तिला लाल भात आवडत नव्हता.

"चार किलोच यायचा म्हणून आवडत नव्हता," मनीषा म्हणाली. "मला फोनवर सांगितलं होतं तिने. म्हणे चव छान आहे, पण तुझ्या पप्पांना पुरायला पाहिजे."

मी चहा प्यालो. साखरेचा होता. प्यालो.

१५ फेब्रुवारी

पाच मिनिटं आत सोडलं. नळ्या, आवाज. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं.  मी तिच्या पायाचा तळवा चोळत बसलो. नर्सबाई म्हणाल्या, काका, हात लावू नका.

संध्याकाळी डॉक्टरांना गाठलं. विचारलं, "ती लाल भात खात असती तर?"

त्यांनी हातातला कागद मिटला. मग म्हणाले, "तांदळाने एकट्याने असं होत नाही, काका. लाल तांदळाने एकट्याने कोणी वाचतही नाही. साखर, कोलेस्टेरॉल वेळेवर तपासलं असतं, औषध सुरू झालं असतं, पहिला अटॅक आला तेव्हा कोणी पट्टी काढली असती, तर..." खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पहिला अटॅक कधी असेल, मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी तारीख सांगितली असती, आणि ती वहीत सापडली असती.

२१ फेब्रुवारी

नळी टाकली, एक शीर उघडली. बाकीच्या दोन उघडता येणार नाहीत म्हणाले. हृदयाची ताकद साठ टक्के असायला पाहिजे, तिची पंचवीस आहे. म्हटलं, वाढेल का? औषधांनी थोडी, म्हणाले. मृत झालेला भाग परत येत नाही.

लॅबमध्ये शेड चुकली तर आम्ही पुन्हा रंग चढवतो. फार चुकली तर काळा मारतो, काळ्यात सगळं झाकतं. इथे तसं काही नाही. मी नुसती मान हलवतो. इतके डॉक्टर मला समजावतात आणि मी प्रत्येकाला हो म्हणतो.

तिला आता बोलता येतं. पहिलं विचारलं ते माझ्या रिपोर्टबद्दल. म्हटलं, गप्प बस. मग मऊ आवाजात म्हटलं, तुला दुखत होतं तर ओरडून का सांगितलं नाहीस?

"तुम्ही आधीच इतले भ्यायेल व्हतात," म्हणाली.

२ मार्च

आज घरी आणलं.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, जिना चढायचा नाही. मनीषा म्हणत होती बारडोलीला घेऊन जाते, त्यांचं घर खाली आहे. शोभा ऐकेना. माझं घर सोडून जावयाच्या घरी पडून राहणार नाही म्हणाली.

तारा तिच्या घरातली हातांची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. जावयाने आणि इस्त्रीवाल्याने पुढून धरलं, मगन मुद्दाम पांडेसऱ्याहून आला होता, त्याने आणि मी मागून. शोभाने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. पहिल्या मजल्यावरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा तिने मान खाली घातली. सबंध सोसायटीत कोणाकडून कधी पाण्याचा ग्लासही न मागितलेली बाई.

दुसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवली, श्वास घ्यायला. मी वाकून गुडघ्यांवर हात ठेवले होते. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरचा घाम बघितला. आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली.

"काय करतेस?"

"तुम्हाले दम लागी राहिना. तुम्हनी तब्येत दखा. एकच जिना शे, मी चालसू."

"शोभा, बस."

"धीरे धीरे चालसू."

ती उभी राहिली होती. मगनने तिच्या पाठीमागे हात नेला. मी तिच्यासमोर गेलो आणि सगळ्यांच्या देखत, जावयाच्या देखत, तिच्या पायांना हात लावला. म्हटलं, तुझ्या पाया पडतो, बस. सत्तावीस वर्षांत तिला असं कधी बघावं लागलं नव्हतं. ती घाबरून बसली.

मग आम्ही तिला वर नेलं. खिडकीजवळच्या पलंगावर निजवलं. मनीषाने गोळ्यांचा डबा मांडला, सकाळ, दुपार, संध्याकाळ. सगळे चहा घेऊन गेले.

ती आता वर आहे. पुन्हा खाली कशी उतरेल, आणि कधी, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.